पदकाविना घडलेले शिष्य : विजय बारसे सरांच्या सन्मानासाठी

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत गुरुजनांवर लेख असतातच. गणित सोपे करून सांगणारे सर, शुद्धलेखनाची वही पुन्हा पुन्हा लिहायला लावणाऱ्या बाई, परीक्षेच्या आधी जादा तास घेणारे मुख्याध्यापक यांची आठवण प्रत्येक तुकडीला असते. पी.टी.च्या सरांवर मात्र वेगळा लेख सहसा निघत नाही. फार तर एखाद्या परिच्छेदात त्यांची शिट्टी येते, पंधरा ऑगस्टची कवायत येते, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला ट्रकच्या मागे बसून गेल्याची गंमत येते आणि लेखक पुढे सरकतो. वर्गात जे मन लावून बसत नव्हते, त्यांना शाळेत टिकवून धरणारा माणूस बहुधा हाच असतो, हे मात्र लिहायचे राहून जाते.

आपल्या झाडीपट्टीत हे आणखी खरे आहे. धान कापून झाले की रिकाम्या बांध्या हेच आपले मैदान. चेंडू असेल तर फुटबॉल, जाळी मिळाली तर व्हॉलीबॉल, काहीच नसेल तर खो-खो आणि कबड्डी. अशा गावांतून पुढे शिकायला किंवा कामाला बाहेर पडलेल्या मुलांपैकी बरीच जण भंडाऱ्यामार्गे नागपूरला पोहोचतात. कोणी वसतिगृहात राहतो, कोणी नातेवाइकांकडे, तर कोणाचे अख्खे कुटुंबच मजुरीसाठी शहराच्या कडेच्या एखाद्या वस्तीत विसावते. त्या वस्त्यांमधल्या मुलांना ज्यांनी मैदानावर आणले, त्या नागपूरच्या एका महाविद्यालयीन क्रीडा शिक्षकाविषयी हा लेख आहे. त्यांचे नाव प्रा. विजय बारसे. फुटबॉलचा मार्गदर्शक म्हणून त्यांना देशाचा द्रोणाचार्य पुरस्कार, त्यातही जीवनगौरव विभागातला, मिळायला हवा अशी माझी मांडणी आहे. ती भावनेपोटी नाही. या पुरस्कारांचा आजवरचा इतिहास पाहिला तर ही मागणी त्या इतिहासाला धरूनच आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

मार्गदर्शकांना मान कधी मिळू लागला?

स्वतंत्र भारतात खेळाडूंसाठीचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलमध्ये त्या पहिल्याच वर्षी तो पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. खेळाडूला मान मिळाला, पण त्याला घडवणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीम साहेब पेशाने शाळेतले शिक्षक. १९५० पासून त्यांनी भारतीय फुटबॉल संघाला मार्गदर्शन केले. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ साली नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपला संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि चौथा आला. त्याच स्पर्धेत मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. १९६२ साली जकार्ता येथे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने पुन्हा सुवर्ण मिळवले. त्या वेळी रहीम साहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये ते गेले. भारतीय फुटबॉलचा सर्वांत उजळ काळ ज्याने घडवला, त्या शिक्षकाच्या हयातीत मार्गदर्शकांसाठी द्रोणाचार्यासारखा राष्ट्रीय पुरस्कारच अस्तित्वात नव्हता.

तो आला १९८५ साली. म्हणजे अर्जुन पुरस्कारानंतर चोवीस वर्षांनी आणि रहीम साहेब गेल्यानंतर बावीस वर्षांनी. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि अॅथलेटिक्सचे ओ. एम. नंबियार हे तिघे होते. नंबियार म्हणजे पी. टी. उषा यांचे गुरू. आदल्याच वर्षी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते आणि सारा देश हळहळला होता.

फुटबॉलच्या वाट्याला हा मान प्रथम १९९० मध्ये आला. १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हे त्याचे मानकरी. त्याच वर्षी क्रिकेटसाठी आपल्या शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकर सरांचाही गौरव झाला. सरांचा शिष्य सचिन तेंडुलकर याने नोव्हेंबर १९८९ मध्ये कसोटी पदार्पण केले होते. त्यानंतर फुटबॉलमध्ये हा मान फार थोड्या वेळा आला. २०२२ मध्ये मुंबईत एअर इंडियाच्या संघाला अनेक वर्षे घडवणारे बिमल घोष यांना जीवनगौरव विभागात तो मिळाला. २०२४ साठी गोव्याचे आर्मांदो कुलासो यांना त्याच विभागात मिळाला. कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो क्लबने राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदे मिळवली होती.

या यादीतल्या कोणाच्याही पात्रतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. गुरूची ओळख दर वेळी शिष्याच्या पदकातून झाली आहे, मग ते पदक उषाचे असो, सचिनची बॅट असो की क्लबचा चषक. नियमही तसेच आहेत. शिष्यांनी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काय मिळवले, यावर गुरूचे गुण ठरतात.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. ही चौकट कधी कायमची बंद राहिली नाही. आधी फक्त खेळाडू होते, मग मार्गदर्शक आले. निवृत्त खेळाडूंचे योगदान डोळ्यांआड होते हे लक्षात आल्यावर २००२ मध्ये ध्यानचंद पुरस्कार आला. मार्गदर्शकांसाठी जीवनगौरवाचा वेगळा विभाग झाला. खेळाला हातभार लावणाऱ्या संस्था आणि कंपन्यांसाठी २००९ पासून राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार सुरू झाला. कोणीतरी बाहेर राहिले आहे हे दाखवून दिल्यावर दार थोडे आणखी उघडले गेले, असाच हा इतिहास आहे. बारसे सरांचे प्रकरण याच मालिकेतले पुढचे आहे.

हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली स्थापन झाले. शहरातले हे सर्वांत जुने महाविद्यालय. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने ते चालते. धर्मोपदेशकाबरोबरच हिस्लॉप भूगर्भशास्त्राचे अभ्यासकही होते आणि नागपूर परिसरातील खडकांचा त्यांनी अभ्यास केला. विदर्भातल्या कितीतरी पिढ्यांनी या कॉलेजात शिक्षण घेतले. आपल्या भागातलेही अनेक जण तिथे शिकले असतील. बारसे सर याच कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. म्हणजे चांगली नोकरी, ठरलेले वेळापत्रक, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि महिन्याच्या महिन्याला पगार. यापलीकडे काही केले नसते तरी त्यांच्यावर कोणी बोट ठेवले नसते.

२००१ च्या सुमारास पावसाळ्यातल्या एका दिवशी त्यांनी झोपडपट्टीतल्या काही मुलांना खेळताना पाहिले. चिखल झालेला होता आणि मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत तिचा चेंडू करून खेळत होती. सरांनी पुढे अनेक ठिकाणी हा प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती : जेवढा वेळ ती मुले खेळत होती, तेवढा वेळ ती दुसरे काही करत नव्हती. व्यसन नाही, मारामारी नाही, चोरी नाही. खेळाचा वेळ वाढवला तर वाईट गोष्टींचा वेळ आपोआप कमी होईल. पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या एका निरीक्षणात आहे.

मग त्यांनी वस्त्यांमधल्या मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा जाहीर केली. नाव ठेवले ‘झोपडपट्टी फुटबॉल’. हे नाव काहींना रुचले नाही, तरी सरांनी ते बदलले नाही. ज्यांच्यासाठी स्पर्धा होती, त्यांचा पत्ता नावातच असायला हवा होता. त्या स्पर्धेत १२८ संघ उतरले. एका संघात आठच मुले धरली तरी ही संख्या हजाराच्या वर जाते. एका शहराच्या वस्त्यांमधून, कोणत्याही शाळेच्या किंवा क्लबच्या आधाराशिवाय, हजारभर मुले मैदानावर आली. ज्यांनी कधी तालुका पातळीची साधी स्पर्धा भरवली आहे, त्यांनाच याचा खरा अर्थ कळेल. संघांची नावे लिहून घेणे, सामने लावणे, पंच शोधणे, भांडणे मिटवणे, पाण्याची सोय करणे, दमलेल्या मुलांना वेळेवर घरी पाठवणे, हे सगळे कोणाला तरी करावे लागते.

एक स्पर्धा भरवून थांबले असते तर तो एक चांगला उपक्रम म्हणून राहिला असता. सरांनी त्याचे कायमचे काम केले. ‘क्रीडा विकास संस्था, नागपूर’ या नावाने संस्था उभी राहिली. तीच आज जगभर ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखली जाते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सुमारे १८ लाख रुपयांतून सरांनी या मुलांसाठी शहराबाहेर जागा घेतली. आपल्या समाजात निवृत्तीचा पैसा कुठे जातो ते आपण सर्व जाणतो. घर बांधायचे, मुलीचे लग्न करायचे, उरलेले बँकेत ठेवून म्हातारपण काढायचे. त्यात काही चूक नाही. पण एका शिक्षकाने हा पैसा दुसऱ्यांच्या मुलांच्या मैदानात घातला, याची नोंद इतिहासाने करायला हवी. पुढे परदेशात असलेले त्यांचे पुत्र अभिजित बारसे परत आले आणि त्यांनी संस्थेच्या कामाला व्यवस्थापनाची घडी दिली.

जिथे पदकाचे मोजमाप चालत नाही

बारसे सरांचे शिष्य कोणत्या स्पर्धेत खेळले, हे पाहिले की द्रोणाचार्याचे नेहमीचे मोजमाप त्यांना का लागू पडत नाही ते स्पष्ट होते.

बेघर आणि वंचित लोकांसाठी ‘होमलेस वर्ल्ड कप’ नावाची जागतिक फुटबॉल स्पर्धा भरते. ती २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात सुरू झाली. पुढे केपटाउन, कोपनहेगन, रिओ अशा शहरांत ती होत गेली. नागपूरच्या संस्थेने भारताचा संघ या स्पर्धेला नेला. सामना लहान, २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद अशा मैदानावर होतो. एका वेळी एका बाजूचे चारच खेळाडू असतात, त्यातला एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. या स्पर्धेचा एक नियम मात्र आपल्या विषयाच्या मुळाशी जातो : खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत खेळता येते.

या नियमामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. जास्तीत जास्त लोकांना संधी मिळावी आणि खेळून आलेल्याने पुढे आपल्या आयुष्याला लागावे, असा तो हेतू आहे. पण मार्गदर्शकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? या वर्षी घडवलेला उत्तम खेळाडू पुढच्या वर्षी संघात नसतो. दर वेळी पाटी कोरी. पुन्हा नवी मुले, पुन्हा वस्तीत फिरणे, पुन्हा पासपोर्टसाठी जन्माचा दाखला शोधणे, पुन्हा घरच्यांना पटवणे. आचरेकर सरांना सचिन वर्षानुवर्षे लाभला. कुलासोंना क्लबचे तेच खेळाडू अनेक हंगाम मिळाले. या स्पर्धेसाठी तयारी करून घेणाऱ्या मार्गदर्शकाला मात्र नियमानेच कोणताही शिष्य दुसऱ्यांदा मिळत नाही. त्याच्या कामाची किंमत पदकांत करायची म्हटले तर ती नेहमीच शून्याच्या आसपास येणार.

मग ती कशात करायची? यासाठी मैदानावर नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. ज्या मुलाला कोणी वेळेवर जेवायलाही बोलावत नाही, त्याला रोज ठरलेल्या वेळी एका जागी यावे लागते. पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तरी ऐकावा लागतो. चेंडू एकट्याने पळवत नेला की हरतो आणि दुसऱ्याकडे दिला की गोल होतो, हे त्याला पायांनी शिकायला मिळते. अशा कामात जगभर वापरली जाणारी ‘फुटबॉल थ्री’ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसून त्या दिवसाचे नियम ठरवतात. दुसऱ्या भागात पंचाशिवाय खेळतात. तिसऱ्या भागात पुन्हा बसून कोण नियमाने वागले, कोण नाही, याची चर्चा करतात आणि त्याचेही गुण देतात. भांडण हाताने मिटवायची सवय असलेल्या मुलांना तोंडाने मिटवायला शिकवण्याचा हा मार्ग आहे. संस्थेने खेळातून गणित आणि इंग्रजी शिकवण्याचे उपक्रम केले आणि मुलींसाठी वेगळे काम उभे केले. वस्तीतली मुलगी अर्ध्या चड्डीत मैदानावर उतरते यासाठी आधी तिच्या आईवडिलांशी किती वेळा बोलावे लागत असेल, हे आपल्यापैकी ज्या भगिनी खेळाडू होत्या त्यांना सांगायची गरज नाही.

या कामाची दखल बाहेरच्या जगाने घेतली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात हे काम देशाने पाहिले. २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, आपला विविधता पुरस्कार ‘स्लम सॉकर’ला दिला. मार्च २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ चित्रपट आला. त्यातील अमिताभ बच्चन यांची भूमिका बारसे सरांच्या कार्यावर बेतलेली होती.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

कोणतीही मागणी करताना तिच्या विरुद्ध काय म्हटले जाईल याचा विचार आधी करावा. वादविवाद स्पर्धेत आपल्याला हेच शिकवले होते.

पहिला आक्षेप असा की फिफाचा पुरस्कार झाला, चित्रपट झाला, आता आणखी काय हवे? याचे उत्तर असे की फिफाचा पुरस्कार संस्थेला होता आणि चित्रपट ही कलाकृती आहे. चित्रपटात तर सरांचे नावही बदललेले आहे, तिथे ते विजय बोराडे आहेत. चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. राज्यसंस्थेने दिलेला सन्मान वेगळा असतो. शिक्षकाचे कोणते काम देश मोलाचे मानतो, ते त्यातून ठरते आणि पुढच्या पिढीतल्या शिक्षकांना ते मापदंड म्हणून दाखवता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समाजकार्य वेगळे आणि खेळाचे मार्गदर्शन वेगळे. समाजकार्यासाठी दुसरे पुरस्कार आहेत, संस्थांसाठी खेल प्रोत्साहन पुरस्कार आहे. द्रोणाचार्य हा उत्तम खेळाडू घडवणाऱ्यासाठीच राहू द्यावा. हा आक्षेप मान्य करायचा तर आधी ‘मार्गदर्शन’ म्हणजे काय ते ठरवले पाहिजे. चांगल्या घरातला, चांगला खाणारा, बूट असलेला मुलगा राज्याच्या संघात पोहोचवणे हे मार्गदर्शन असेल, तर अनवाणी, उपाशी आणि पोलिसांच्या नजरेत असलेला मुलगा वर्षभर रोज सरावाला आणणे आणि शेवटी देशाचा पोशाख घालून परदेशी मैदानावर उभा करणे हेही मार्गदर्शनच आहे. अंतर मोजायचे तर निघालेल्या ठिकाणापासून मोजले पाहिजे. धावण्याच्या शर्यतीत कोणी शंभर मीटर मागून सुरुवात केली असेल आणि तो बरोबरीने आला असेल, तर जास्त वेगाने कोण धावले हे सांगायला पंच लागत नाही. आणि बारसे सर मुळात समाजसेवक नव्हते. ते क्रीडा शिक्षक होते. त्यांनी वापरलेले साधन चेंडू होते, भाषण नव्हे.

तिसरा आक्षेप : काम अनेकांचे आहे, मग मान एकालाच का? हे खरे आहे की वस्त्यांमध्ये रोज सराव घेणारे तरुण मार्गदर्शक, स्वयंसेवक आणि स्वतः खेळून पुढे प्रशिक्षक झालेली मुले यांच्याशिवाय हे काम उभे राहिले नसते. पण हे प्रत्येक गुरूबद्दल खरे असते. उलट, ज्याचे विद्यार्थी पुढे स्वतः शिकवू लागतात, त्याच्या शिकवण्याचा याहून मोठा पुरावा कोणता? आपल्याकडे गुरुपरंपरा म्हणतात ती हीच.

आणि शेवटी पुरस्काराच्या नावाबद्दल. महाभारतातली गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. अरण्यातला एक मुलगा धनुर्विद्या शिकायला आला, तेव्हा द्रोणांनी त्याला शिष्य करून घेतले नाही. त्याने मातीचा पुतळा करून स्वतःच विद्या मिळवली आणि शेवटी अंगठा दिला. ज्या देशाचा सर्वोच्च मार्गदर्शक पुरस्कार या गुरूच्या नावाने आहे, त्या देशात एकलव्यांच्या वस्तीत स्वतः चालत गेलेल्या शिक्षकाला तो पुरस्कार मिळणे हे त्या नावालाही शोभणारे ठरेल. आज जीवनगौरव विभागात या पुरस्काराची रक्कम १५ लाख रुपये आहे. सरांनी निवृत्तीच्या वेळी मैदानासाठी वेचली, ती रक्कम याहून मोठी होती. तेव्हा प्रश्न पैशाचा नाही, नोंदीचा आहे.

आपण काय करू शकतो?

स्मरणिकेतला लेख वाचून झाल्यावर पाने बंद होतात. म्हणून दोन गोष्टी ठोसपणे सुचवतो.

पहिली, शिफारशीची. राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचे अर्ज आता ऑनलाइन होतात आणि त्यांना कागदपत्रांचा आधार लागतो. पद्म पुरस्कारांचा मार्ग तर प्रत्येक नागरिकाला खुला आहे. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आपल्यापैकी कोणीही एखाद्या व्यक्तीची शिफारस करू शकतो, आणि तिच्या कार्याचे वर्णन ८०० शब्दांच्या आत लिहायचे असते. ८०० शब्द म्हणजे आपल्या परीक्षेतल्या दोन निबंधांएवढा मजकूर. आपल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये शिक्षक आहेत, वकील आहेत, सरकारी कार्यालयांत काम केलेले आहेत, पत्रकार आहेत. अर्ज कसा लिहायचा हे त्यांना सांगायला नको. मेळाव्याच्या दिवशी चार जणांनी एकत्र बसून अशी शिफारस तयार केली, तर ती आपल्या मंडळाची विदर्भाला दिलेली भेट ठरेल. त्यात विशेषणे कमी आणि तपशील जास्त असावेत : किती वर्षे, किती संघ, कोणत्या वस्त्या, कोणते उपक्रम, पुढे काय झाले. मागणी मान्य होवो न होवो, लिहिलेला कागद शिल्लक राहतो आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा पाठवता येतो. रहीम साहेबांच्या बाबतीत मोठी उणीव हीच राहिली की त्यांचे मोठेपण सरकारी कागदावर यायला फार उशीर झाला. हयात असलेल्या गुरूबाबत तरी तसे होऊ नये.

दुसरी गोष्ट घरची आहे. नागपूरच्या गुरूसाठी आपण मागणी करतो, तेव्हा आपल्या शाळेच्या मैदानावर उन्हात उभे राहिलेल्या शिक्षकांची नोंद आपल्याकडे आहे का, हेही विचारले पाहिजे. कोणत्या वर्षी शाळेचा संघ तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेत गेला, कोण खेळले, कोणी शिकवले, यांतले पुष्कळ काही फक्त लोकांच्या स्मरणात आहे. ज्यांनी ते पाहिले ती पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. मंडळाने एक वही करावी. प्रत्येक तुकडीने आपल्या आठवणीतले संघ, सामने आणि शिक्षक त्यात लिहावेत, जुने फोटो असतील तर मागे नावे आणि साल लिहून द्यावे. जे मुले दहावी नापास झाली, पण मैदानामुळे शाळेशी जोडलेली राहिली, त्यांना आवर्जून बोलवावे. त्यांच्या शब्दांत लिहिले गेले तर आपल्या पी.टी.च्या सरांचेही मोल कळेल. उद्या कोणी त्यांच्यासाठी काही मागायला गेला, तर त्याच्या हातात निदान ती वही असेल.

बारसे सरांच्या कामातून आपल्यासारख्या गावच्या शाळेने घेण्यासारखा धडा फार महागडा नाही. त्याला इमारत लागत नाही, मोठे अनुदान लागत नाही. एक चेंडू, ठरलेली वेळ आणि रोज येणारा एक मोठा माणूस एवढ्यावर ते सुरू झाले. मुलाला कोणीतरी आपली वाट पाहते हे कळले की तो येतो. त्या वाट पाहणाऱ्या माणसाचा देशाने सन्मान करावा, एवढीच मागणी आहे. ती मांडण्याचा अधिकार पदके जिंकणाऱ्यांइतकाच, एके काळी रिकाम्या बांधीत अनवाणी खेळलेल्या आपल्यासारख्यांनाही आहे.